टिमकीचं पोट

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. वासराचं पोट मडक्यासारखं गोल झालं की वासरू बाळसं धरतंय, असं मी समजत होते. नुसतं समजत असते तर एक वेळ चाललं असतं. मी ते मिरवत होते. घरी आलेल्या बाईला चटई टाकायच्या आधी मी तिला कोठ्यात न्यायची आणि वासराच्या पोटावर थाप मारून दाखवायची... ढब, ढब. त्या आवाजावरूनच मी तिचं नाव टिमकी ठेवलं. कोणाची नजर लागू नये म्हणून गळ्यात काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून बांधला. पवनीच्या किराणा दुकानदाराची मुलगी, बारावी पास, सासरी पेपर वाचणारी एकुलती एक सून, आणि अक्कल बघा: वासरू उपाशी, आणि मला काळजी नजरेची.

हा गाढवपणा ज्या बाईने जन्मभर मला विसरू दिला नाही, ती दुर्पता दसऱ्यानंतर गेली. फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याला मुलाकडे होते, नातीची वेणी घालत होते. पलीकडून दुर्पताची सून प्रज्ञा एवढंच म्हणाली, "काकू, आई गेल्या." मी बरं म्हटलं, फोन खाली ठेवला आणि वेणी पुरी केली. रिबीनही बांधली. मग नातच म्हणाली की आजी, फार आवळली, दुखतंय... तेव्हा मला कळलं की माझ्या हातात काय आहे. पहिला विचार काय आला असेल? रडू नाही, काही नाही. आज तिच्या कोठ्यातल्या कालवडीसाठी कुटार कोणी भिजवलं असेल, हा.

आता आमच्याकडे हलका, लवकर येणारा धान निघाला आहे. खळ्यांवर तणसाचे नवे ढीग चढताहेत. सकाळी पाय आपोआप तिच्या घराच्या वाटेला लागतात आणि मी त्यांना मागे वळवते. एक प्रश्न मला आठवड्यांमागून आठवडे टोचतो आहे, तो इथेच सांगते. यंदाचा सगळा उन्हाळा मी दुर्पताला तिच्या वाढलेल्या पोटावरून चिडवत होते. तेच पोट तिला घेऊन गेलं. माझ्या हसण्यामुळे तिचं दुखणं तिच्याच लक्षात आलं नाही, की तिला सगळं कळत होतं आणि ती माझ्या हसण्याआड लपून राहिली? यातलं कोणतंही खरं निघालं तरी माझी सुटका नाही, हे मला कळतं. तरी माणसाला जाणून घ्यावंसं वाटतं.

गोंदिया वेगळं होऊन आमचा जिल्हा अर्धा झाला, त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरची ही टिमकीची गोष्ट. सिहोऱ्याजवळ आमचं गाव. माझ्या नणंदेचं सासर आमगावकडचं, ते या फाटाफुटीत पलीकडे गेलं, तर सासूबाई कितीतरी दिवस पोटच्या पोरीला 'परजिल्ह्यातली' म्हणत आणि डोळे पुसत. त्याच सुमारास बचत गटातून काही बायांना संकरित गायी मिळाल्या. एक मला मिळाली, एक दुर्पताला. आमची घरं गावाच्या दोन टोकांना. माझ्या सासूबाईंना दुर्पताच्या घरचा चहा चालत नव्हता. डेअरीच्या कॅनमध्ये मात्र आमचं आणि तिचं दूध रोज सकाळी एक व्हायचं, ते त्यांनी कधी विचारात घेतलं नाही. त्या कॅनसमोरच्या रांगेतच आमची ओळख झाली. मी पवनीची, शहरातून आलेली, उन्हात डोक्यावर पदर ओढून घेणारी. तिने पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं, जर्सी. "जर्सीले ऊन लागते, जर्सीले सावली पाहिजेन," असं भर रांगेत म्हणायची. ती स्वतःला गावठी म्हणायची. गावठी म्हणजे जिला सावली लागत नाही, औषध लागत नाही आणि जिच्या मागे कोणाला धावावं लागत नाही.

मला टिमकी झाली आणि तिलाही त्याच महिन्यात कालवड झाली. त्या वेळच्या मला आता डोळ्यांपुढे आणते तेव्हा माझ्याच पाठीत धपाटा घालावासा वाटतो. डेअरीच्या मापात माझं दूध सगळ्यांत जास्त भरलं पाहिजे, याची मला कोण हौस! गाय पिळून पिळून घ्यायची आणि मग नावापुरतं वासरू सोडायचं. ते बिचारं चार ढुशा मारून रिकाम्या सडाला लोंबत राहायचं. भूक लागली असेल तर तणीस आहे की! अंगणात धानाच्या तणसाचा घराएवढा ढीग, फुकटचा, हवा तेवढा. मी पेंढ्याच्या पेंढ्या सोडून टाकायची. टिमकी दिवसभर चघळत राहायची, आणि पोट गोल, गोल, गोल होत जायचं. अंगावरचे केस राठ उभे राहिले होते, डोळे खोल गेले होते, शेपटाकडची हाडं वर आली होती... पण ते बघायला वेळ कोणाला? मी पोट वाजवत होते.

एकदा दुर्पता आली. अंगणातूनच, कारण सासूबाई ओसरीवर होत्या. टिमकीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. तिच्या वासराला ती गायीचं बऱ्यापैकी दूध पाजत होती, त्यामुळे ते सडपातळ, चपळ होतं. माझ्या मडक्यापुढे तिला ते काडीसारखं वाटलं.

"काय चारतं व जर्सी हिले? माही त काडीवानी दिसते."

मी मास्तरणीच्या थाटात सांगितलं, नुसतं तणीस. पोटभर. वासराची आतडी लहानपणीच ताणली पाहिजेत, म्हणजे पुढे गाय मोठी खाणारी आणि मोठं दूध देणारी होते. हे मी कुठे वाचलं होतं? कुठेही नाही. माझ्या तोंडाला त्या क्षणी सुचलं आणि ते मला इतकं आवडलं की मी पुढे चार जणींना सांगितलं. दुर्पता हो-हो करत गेली आणि तिने दूध कमी करून तणीस सुरू केलं.

पावसाळ्याच्या तोंडावर समाजमंदिरासमोर जनावरांचं शिबिर भरलं. तुमसरहून एक तरुण डॉक्टर आला होता. मी टिमकीला धुऊन, पुसून, शिंगांच्या जागी तेल लावून नेलं. शिंगं अजून फुटायची होती, तरी तेल. बक्षीसच घेऊन येणार होते ना मी! डॉक्टरने पोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कण्यावरून सावकाश शेपटापर्यंत नेला. मग म्हणाला, "मावशी, हिचं पोट भरलंय, पण अंग उपाशी आहे."

सगळ्यांत आधी मला राग आला तो मावशीचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनीच लहान असेल तो. मग बाकीचं डोक्यात शिरलं. तो समजावून सांगत होता: लहान वासराच्या पोटात तणीस पचवायची चूल अजून पेटलेली नसते. आधी दूध, पुरेसं दूध. त्याच्या जोडीने हळूहळू चिमूटभर चुनी, कोंडा, सरकीची ढेप, आणि तोंडाला मऊ लागेल असं बारीक कुटार. त्याने ती चूल पेटते. मग मोठेपणी तणीस खुशाल खाऊ द्या, पण तेव्हाही नुसतं नको. तोडून, भिजवून, कशाच्या तरी जोडीने. नुसत्या तणसाने जागा भरते, जनावर भरत नाही... बायका हसत होत्या. सगळ्यांत मोठ्याने दुर्पता हसली. मांडीवर हात मारून हसली. आणि हसता हसता मध्येच थांबली, कारण तिच्या कोठ्यातही तोवर एक छोटी टिमकी तयार झाली होती. शिबिर टाकून ती घराकडे जवळजवळ धावत गेली.

तिची कालवड त्या पावसाळ्यात गेली. अशक्त होतीच, हगवण लागली आणि उठलीच नाही. माझी जगली.

मी तिच्या घरी गेले. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या घराचा उंबरा ओलांडला; सासूबाईंना काय सांगायचं ते परतल्यावर बघू म्हटलं. वाटेत मी मनात वाक्यं जुळवली होती. तिने शिव्या द्याव्यात, अशी माझी तयारी होती. खरं म्हणजे इच्छाच होती. मी हात जोडून म्हटलं की दुर्पताबाई, तुमी मले काहीही बोला. तर ती चुलीपुढून वळूनही बघेना. माझ्यापुढे चहा ठेवला आणि मग बोलली.

"तू सांगतलं म्हणून नाही व केलं मी. तणीस फुकटचं होतं, दूध वाचत होतं, मलेबी गोड लागलं ना ते. अन् हे तुमी-बिमी कायले? जित्या माणसाले तू म्हणाव. तुमी मेल्यावर म्हणजो."

मी चहा प्यायले. साखर जास्त होती. निघताना दारात तिने माझा दंड धरला आणि सांगितलं की टिमकीची पहिली कालवड तिची. विचारलं नाही, सांगितलं. मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून टिमकी आमच्या दोघींची झाली.

मग सुरू झाली आमची स्वयंपाकशाळा. तिच्या धानाच्या बांधीत धानामागे लाखोळीची डाळ व्हायची, तिच्या भुशाचं कुटार ती चाळून आणायची. कोंडा माझ्याकडचा. चुनी कधी तिची, कधी माझी. सासूबाई ओसरीवरून म्हणत, जनावरापायी डाळीचा चुरा नासवता, माणसांना वरण पुरत नाही. दुर्पता अंगणातून ओरडून सांगायची की बाई, तुमच्या सुनेला पुरतं, म्हणून तर ती अशी फुगली. मोजायला आमच्याकडे माप नव्हतं, म्हणून मी माहेरहून आणलेला एक ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे उभं पातेलं, काढला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझ्या हातून विहिरीच्या काठावर आपटून त्याच्या पोटाला पोचा पडला होता, आणि तो आईने दिलेला गंज असल्यामुळे मी तेव्हा दोन दिवस रडले होते. तोच पोचा कामी आला. पोच्यापर्यंत कुटार, वर मूठभर कोंडा, मूठभर चुनी, बोटभर मीठ, आणि संध्याकाळी पाणी शिंपडून झाकून ठेवायचं, सकाळी टिमकीपुढे. एकदा मी मीठ बरोबर पडलं का म्हणून चिमूटभर तोंडात टाकून बघितलं. दुर्पताने ते गावभर केलं. कितीतरी दिवस डेअरीच्या रांगेत बाया मला विचारत होत्या, आज काय जेवली व, हिरवं का वाळलं?

टिमकीचं पोट हळूहळू आत गेलं आणि अंग बाहेर आलं. केस चमकायला लागले. थाप मारली तर आता ढब आवाज येत नव्हता, आणि मला चुकल्यासारखं व्हायचं. मोठी झाल्यावर तिच्यासाठी आम्ही तणीस इळ्याने तोडून गुळाच्या पाण्याने भिजवायचो, त्यात कुटार मिसळायचो. तोडता तोडता नवऱ्यांच्या, सासवांच्या, पोरांच्या गोष्टी तोडून व्हायच्या. माझं बाळंतपण कसं झालं, तिचं दुसरं मूल कसं राहिलं नाही... हे मी माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. हात चालू असले की तोंड खरं बोलतं.

टिमकी व्यायली आणि झाला गोऱ्हा. दुर्पता बातमी ऐकून आली, शेपूट उचलून स्वतः खात्री करून घेतली आणि मला बेइमान म्हणाली, जशी काही मीच गाभात फेरफार केली. दुसऱ्या खेपेला मात्र कालवड झाली. दूध सुटल्यावर दुर्पता तिला न्यायला आली तेव्हा कुंकू लावून, आंबील पाजून मी ती पोरगी सासरी पाठवली, आणि आंदण म्हणून तो गंजही दिला. दुर्पता म्हणाली की आंदण दिलं, पण पोचा आलेलं दिलं, जर्सीची जात कंजूषच. तेव्हापासून तो गंज तिच्या कोठ्यात खुंटीला. टिमकी गेली, तिच्या लेकी आल्या, नाती आल्या, गंज तोच राहिला. तिच्या घरच्या कोणत्याच वासराचं पोट पुन्हा कधी वाजलं नाही.

ढोरांच्या बाबतीत ती अशी. एखादं वासरू कान पाडून उभं राहिलं की लगेच डॉक्टरला फोन. तो येईपर्यंत दहा फोन. स्वतःच्या बाबतीत उलटं. ताप आला, पाय सुजला, पाठ धरली, की ओव्याचा काढा आणि बास. दवाखान्याचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर. "मी का जर्सी आहो का? गावठी आहो मी. मले काई होत नाई." आणि मी हसायची. चांगलं वाक्य होतं ते, दर वेळी हसू यायचं. आता वाटतं, एखादं वाक्य फार चांगलं जमलं की माणूस त्याच्यामागे राहायलाच जातो.

मग गावात हार्वेस्टर आले. मशीन धान घेऊन जातं आणि तणीस बांधीभर विस्कटून ठेवतं. चिखलात तुडवलेलं, अर्धवट कापलेलं. ते गोळा करायला कोणाला सवड नाही, म्हणून लोक काडी लावतात. उन्हाळी धान निघाला की संध्याकाळी सगळं शिवार धुरकट होतं. दुर्पताचा मुलगा तुमसरला मिलमध्ये नोकरीला, तो म्हणायचा की आई, विकतचं आणू. ती ऐकायची नाही. कोणाच्या बांधीत हार्वेस्टर फिरलं असं कळलं की ती दाताळं घेऊन पुढे हजर, आग लागायच्या आधी तणीस ओढून घ्यायला. यंदाच्या उन्हाळ्यात मीही सोबत जायची. काम कमी, बडबड जास्त. तेव्हाच मला पहिल्यांदा दिसलं की लुगड्याच्या निऱ्यांवर तिचं पोट पुढे आलं आहे.

मी काय करावं? मी पुढे झाले आणि टिचकी मारली. "काय व टिमकी, ढब-ढब वाजते का पाहू?"

ती पोटावर हात ठेवून हसली. म्हणाली, नुसतं तणीस चरून राहिली ना. झालं, उन्हाळाभर मग तेच. मी तिला टिमकी म्हणायची, ती मला जर्सी म्हणायची, आणि दोन म्हाताऱ्या शेताच्या बांधावर बसून खिदळायच्या. ती जेवण कमी करते, दोन घासांत पोट भरलं म्हणते, हे मला दिसत होतं. मी म्हणायची, बरं आहे, इतकं मोठं कोठार झालंय, भरलेलंच असणार. ती धापा टाकायची, मी म्हणायची, वजन वाढव अजून. लुगडं नेसताना निऱ्या पुरेनात, तेव्हा मी तिला सुनेची साडी जोडून नेस म्हटलं. एकेक आठवतं आणि... असो. आठवतं.

पोळा झाला. मी काही दिवस भंडाऱ्याला राहून परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले. ती मागच्या वाडीतून तणसाचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. दमली होती, दाराशी पाय अडखळला. भारा उतरवायला मी मागून एक हात भाऱ्याला लावला आणि दुसरा तिच्या पाठीला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: टिमकी, यंदा गोऱ्हा का कालवड? अगदी ओठांवर होतं.

पण हात पाठीवर होता. आणि हाताला पाठ लागलीच नाही. कणा लागला. एकेक मणका, वेगळा वेगळा, जशी काही पोलक्याखाली कोणी माळ ठेवली आहे. हात तसाच खाली गेला... सावकाश, कमरेपर्यंत. समाजमंदिरासमोर त्या डॉक्टरचा हात कसा गेला होता, ते मला तेव्हा आठवलं. पोट एवढं पुढे, आणि पाठ अशी. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. गाल कधी गेले? गळ्याची हाडं कधी वर आली? ती काही माझ्या नजरेआड नव्हती. उन्हाळाभर, पावसाळाभर ती माझ्यासमोर होती आणि मी पुन्हा पोटच वाजवत बसले होते.

माझं हसू कुठे गेलं कोण जाणे. मी भारा खाली ठेवला, पदर नीट केला आणि म्हटलं, "दुर्पताबाई, तुमी दवाखान्यात चला."

एवढंच म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, मी का जर्सी आहो का. ती म्हणाली, "जाऊ ना." लहान पोरीसारखी. मग तिने चहा मांडू का विचारलं, आणि मी, जिने त्या घरचा चहा कधी सोडला नाही, नको म्हणून उठले. तिच्यापुढे बसायची हिंमत झाली नाही. कोणाच्या घरून काही चोरून निघावं तशी मी निघाले.

त्याच आठवड्यात तिच्या मुलाने तिला भंडाऱ्याला नेलं आणि तिथून नागपूरला. पोटात पाणी होतं, पाण्यामागे गाठ होती, आणि गाठ बरीच आधीपासून होती. मी नागपूरला एकदा भेटायला गेले, पण ती औषधाच्या गुंगीत होती. नळ्या लावलेला हात हातात घेऊन मी बसले. तिथे तरी टिमकी म्हणायला हवं होतं मला. बाजूच्या खाटेवरची माणसं बघत होती म्हणून म्हटलं नाही. इतकी जन्माची आगाऊ बाई, आणि नेमकी तिथे मला शिस्त सुचली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. लोक उभे राहून तिच्याबद्दल चार शब्द बोलत होते आणि सगळे तिला 'त्या' म्हणत होते. त्या कष्टाळू होत्या, त्या प्रेमळ होत्या. मलाही बोलायला सांगितलं, मी मानेनेच नाही म्हटलं. मंडळी जेवायला बसली तेव्हा मी मागच्या दाराने कोठ्यात गेले. टिमकीच्या वंशातली कालवड होती, दूध सुटत आलेली, चमकदार, पाठ भरलेली. प्रज्ञा तिच्यापुढे वाकून तिला चारत होती. घरात एवढी माणसं असताना सून कोठ्यात. हातात तो गंज. पोच्यापर्यंत कुटार, वर कोंडा, वर चुनी. बोटांनी कालवत होती, अगदी सासूसारखं, अंगठा बाहेर ठेवून.

मी तिथे सगळं बोलून टाकलं. चिडवलेलं, टिचक्या मारलेल्या, निऱ्यांवरून केलेली मस्करी, सगळं. म्हटलं, पोरी, मी हसत बसले म्हणून तुझी सासू दवाखान्यात गेली नाही. मी वेळेवर तोंड मिटलं असतं तर बरं झालं असतं. खरं सांग, तिला कळत होतं का गं?

प्रज्ञाने कालवडीच्या तोंडापुढून गंज बाजूला घेतला नाही. ती वाकलेलीच राहिली, आणि तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

"काकू, उन्हाळ्यात मी दवाखान्याचं म्हटलं की आई म्हणत, 'जर्सी चिडवून राहिली तंवर मले काई नाई.' अन् त्या दिवशी तुमी चहा न घेता गेल्या ना, तवा त्यायनं मले इथं बलावलं. म्हणे, 'जर्सीनं आज मले तुमी म्हटलं व. हा गंज आतापासून तू धर.'"